डिफॉल्ट म्हणजे काय? कर्जातला डिफॉल्ट आणि मोबाईलमधला डिफॉल्ट: अर्थ, उगम आणि वापर

आज आपण 'डिफॉल्ट' या शब्दाचा अर्थ पाहणार आहोत. तुम्ही म्हणाल, यात काय पाहायचं? मोबाईलच्या सेटिंगमध्ये रोज दिसतो की हा शब्द. मलाही तसंच वाटायचं. पण मागच्या वर्षी सांगलीकडच्या माझ्या काकांचा रात्री साडेनऊला फोन आला, तोही काकूंच्या नंबरवरून. आवाज पडलेला.

"आरं, माझं नाव परत डिफॉल्टात घातलंय बघ. आता तर सिमवरच आलंय."

आधी मला काहीच कळेना. मग उलगडा झाला. त्यांना मी नवीन फोन घेऊन दिला होता आणि भाषा मराठी करून दिली होती. त्या दिवशी तालुक्याला जाऊन त्यांनी दुसरं सिम घातलं, आणि फोनने विचारलं की मेसेजसाठी 'डीफॉल्ट सिम' कोणतं ठेवायचं. काकांनी तो शब्द वाचला, फोन बंद केला आणि कपाटात ठेवून दिला.

हसू नका. काकांना हा शब्द माहीत होता आणि त्यांच्या माहितीतला अर्थ शंभर टक्के बरोबर होता. नऊ वर्षांपूर्वी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला ते जामीनदार राहिले होते. शेजाऱ्याचे हप्ते थकले आणि नोटीस काकांच्या दारात आली. त्या नोटिशीत हा शब्द त्यांनी पहिल्यांदा पाहिला. पुढे शेजाऱ्याने कर्ज फेडलं, पण मधली दोन वर्षं काका गावातल्या लग्नाकार्यालाही खाली मान घालून जायचे. मला डिफॉल्ट म्हटलं की ब्राउझर आठवतो, त्यांना ती नोटीस आठवते.

एकाच शब्दाचे इतके लांबचे दोन अर्थ कसे झाले, हे शोधायला मी बसलो आणि हा लेख तयार झाला.

डिफॉल्टचा अर्थ

इंग्रजीत हा शब्द नाम म्हणूनही येतो आणि क्रियापद म्हणूनही. मुख्य अर्थ दोन.

पहिला अर्थ: जे करणं आपल्यावर बंधनकारक होतं ते न करणं. हप्ता न भरणं, कोर्टात तारखेला हजर न राहणं, कराराप्रमाणे न वागणं. मराठीत यासाठी कसूर, चूक, थकबाकी असे शब्द आहेत. कायद्याच्या मराठीत 'कसूर' बऱ्याचदा दिसतो. 'कसूर केल्यास' अशी शब्दरचना तुम्ही सरकारी कागदावर वाचली असेल.

दुसरा अर्थ: आपण काहीच निवडलं नाही तर आपोआप लागू होणारी गोष्ट. फोन घेतला तेव्हापासून असलेली रिंगटोन, वॉलपेपर, ब्राउझर. मराठीत याला 'पूर्वनिर्धारित' म्हणतात. शब्द बरोबर आहे, पण चहाच्या टपरीवर कुणी तो उच्चारलेला मी तरी ऐकलेला नाही. काकांना समजावताना मी 'कंपनीनं लावून दिलेलं' असं म्हटलं, ते त्यांना लगेच कळलं. आपण बोलताना 'बाय डिफॉल्ट' म्हणतो तेव्हा अर्थ हाच असतो: मुळातच, आपोआप, कुणी काही न करता.

आता हे दोन अर्थ वरवर पाहता एकमेकांना ओळखतसुद्धा नाहीत. एकात माणूस दोषी आहे, दुसऱ्यात दोषाचा प्रश्नच नाही. नातं समजायला जरा मागे जावं लागतं.

हा शब्द आला कुठून?

लॅटिनमध्ये 'फालेरे' असं क्रियापद होतं. त्याचा अर्थ फसवणे, कमी पडणे, चुकणे. या एका क्रियापदाचा गोतावळा मोठा आहे. इंग्रजीतले फेल, फॉल्स आणि फॉल्ट हे तिन्ही शब्द त्याच घरातले. म्हणजे दहावीत नापास होणारा 'फेल', कोर्टातली 'फॉल्स' साक्ष आणि आपला वायरमन डीपीजवळ उभा राहून सांगतो तो लाइनचा 'फॉल्ट', ही सगळी सख्खी-चुलत भावंडं. गावाकडे फॉल्ट हा शब्द कुणाला शिकवावा लागत नाही. रात्री लाइट गेली की लहान पोरगंसुद्धा सांगतं, 'फॉल्ट झालाय'.

लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंचमध्ये गेला आणि तिथे 'देफॉत' झाला. अर्थ: उणीव, कमतरता, नसणं. तेराव्या शतकात तो इंग्रजीत आला. त्या काळात इंग्लंडच्या कोर्टकचेरीत आणि सरदार मंडळींत फ्रेंच चालायची, त्यामुळे कायद्याचे कितीतरी इंग्रजी शब्द मूळचे फ्रेंच आहेत. आपल्याकडे अर्ज, दावा, फिर्याद, वकील हे शब्द फारसी-अरबीतून कचेरीवाटे आले, तसंच काहीसं.

यात एक गंमत सांगतो. फ्रेंचमधून आलेल्या या शब्दात 'ल' नव्हताच. पुढे इंग्लंडमधल्या विद्वानांनी लॅटिन मुळाची आठवण म्हणून फॉल्टच्या स्पेलिंगमध्ये 'ल' घातला. बरीच वर्षं तो फक्त कागदावर होता, बोलताना लोक 'फॉट'च म्हणायचे. नंतर हळूहळू तो जिभेवरही आला. आज आपण डिफॉल्टमधला जो 'ल' ठासून म्हणतो, तो मुळात लिहिणाऱ्यांनी चिकटवलेला आहे.

असो. महत्त्वाचा मुद्दा हा की सुरुवातीला या शब्दाचा गाभा 'नसणं' हा होता. पाण्याचा डिफॉल्ट म्हणजे पाणी नसणं. कोर्टात डिफॉल्ट म्हणजे तारखेला माणूस हजर नसणं. तिथून 'कर्तव्य न करणं' हा अर्थ पक्का झाला, आणि एकोणिसाव्या शतकात व्यापार-बँका वाढल्या तसा 'पैसे न फेडणं' हा अर्थ रूढ झाला.

दुसऱ्या बाजूला इंग्रजीत 'इन डिफॉल्ट ऑफ' असा जुना वाक्प्रयोग होता, म्हणजे 'अमुक नसेल तर'. मृत्युपत्रात वगैरे यायचं: मुलगा नसेल तर जमीन पुतण्याला. १९६० च्या दशकात संगणकवाल्यांनी नेमका हाच धागा उचलला. माणसाने किंमत दिली नसेल तर मशीनने काय धरायचं? ती 'नसेल तर'ची किंमत म्हणजे डिफॉल्ट व्हॅल्यू. प्रोग्रॅमिंग शिकलेल्यांनी 'स्विच-केस' आठवा. वरची एकही अट जुळली नाही की प्रोग्रॅम सगळ्यात शेवटी 'डिफॉल्ट' लिहिलेल्या ओळीवर येतो.

म्हणजे दोन्हीकडे कुणीतरी काहीतरी केलेलं नाही. कर्जदाराने हप्ता भरला नाही. तुम्ही सेटिंग निवडलं नाही. पहिल्यात त्याचे परिणाम लगेच अंगावर येतात, दुसऱ्यात ते कधी येतात हे अनेकांना कळतही नाही. त्याकडे येऊच, पण आधी काकांचा डिफॉल्ट.

कर्जातला डिफॉल्ट

बँकेच्या भाषेत ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम आली नाही की थकबाकी झाली. पण लोक डिफॉल्ट, एनपीए आणि डिफॉल्टर हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतात, तिथे गोंधळ होतो.

हप्ता ५ तारखेला होता आणि ६ तारखेपर्यंत भरला नाही, तर तो थकला. मुद्दल किंवा व्याज ९० दिवसांपेक्षा जास्त थकलं की बँक ते खातं एनपीए म्हणजे अनुत्पादित कर्ज ठरवते. मधल्या ९० दिवसांतही ३०-३० दिवसांचे तीन टप्पे असतात आणि बँक त्यावर नजर ठेवून असते. शेतीकर्जाचा हिशोब वेगळा: कमी मुदतीच्या पिकासाठी दोन हंगाम, आणि ज्या पिकाचा हंगाम वर्षाहून मोठा असतो त्यासाठी एक हंगाम थकबाकी राहिली तर खातं एनपीए होतं. क्रेडिट कार्डाच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेचा नियम असा की तारीख उलटून तीन दिवसांपेक्षा जास्त झाल्यावरच कार्ड कंपनी दंड लावू शकते किंवा क्रेडिट ब्युरोला थकबाकी कळवू शकते. रविवारी तारीख आली म्हणून रात्रभर जागण्याची गरज नाही. अर्थात सवय लावून घेऊ नका.

'विलफुल डिफॉल्टर' ही पुन्हा वेगळी भानगड. पैसे असून न देणारा, किंवा कर्जाचे पैसे दुसरीकडे वळवणारा. हा शिक्का २५ लाख रुपये आणि त्यावरच्या थकबाकीसाठी आहे आणि तो मारण्याआधी बँकेला म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. दुष्काळाने हप्ता चुकलेल्या शेतकऱ्याला आणि पैसे बाहेर काढून परदेशी बसलेल्या उद्योगपतीला आपण एकाच 'डिफॉल्टर' शब्दात बसवतो, हे मला कधीच पटलेलं नाही. मराठीत त्या मानाने बरं आहे. 'थकबाकीदार' म्हटलं की बाकी थकली एवढंच कळतं. 'बुडव्या' म्हटलं की नियतही कळते.

गावात या शब्दाला वजन आहे त्याचं आणखी एक कारण म्हणजे सोसायटी. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ७३ सीए प्रमाणे थकबाकीदार सभासदाला संस्थेच्या समितीवर राहता येत नाही. त्यामुळे निवडणूक आली की कोण थकीत आहे याची याद्यांसकट चर्चा होते. मार्च महिन्यात जी 'नवं-जुनं' करण्याची पळापळ चालते, म्हणजे जुनं पीककर्ज भरायचं आणि लगेच नवीन उचलायचं, त्यामागेही हेच असतं: ३१ मार्चला आपलं नाव त्या यादीत नको.

आणि जामीनदार? भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं की करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी त्याच्याकडून वसूल करा, मग माझ्याकडे या, असं म्हणायची सोय साधारणपणे नसते. काकांनी सही केली तेव्हा त्यांना कुणी हे सांगितलं नव्हतं. 'नुसती सही पाहिजे' एवढंच सांगितलं होतं.

त्या रात्री काकांची समजूत नुसत्या बोलण्याने निघेना. म्हणून दुसऱ्या दिवशी मी त्यांचा क्रेडिट रिपोर्ट काढला. भारतात ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क अशा चार कंपन्या हे रिपोर्ट ठेवतात आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. त्यांच्या अधिकृत वेबसाइटवरूनच काढा, लिंक पाठवणाऱ्या कुणाच्या नादी लागू नका. रिपोर्टमध्ये 'डिफॉल्टर' असा शिक्का शोधू नका, तो तसा नसतो. प्रत्येक कर्जासमोर महिनावार किती दिवस उशीर झाला याचे आकडे असतात. तीन शून्यं दिसली की त्या महिन्यात उशीर नाही. एक शब्द मात्र नीट पाहा: 'सेटल्ड'. ऐकायला छान वाटतं, पण याचा अर्थ बँकेने कमी पैशांवर तडजोड करून विषय मिटवला, आणि पुढचं कर्ज मागताना तो शब्द आडवा येतो. पूर्ण फेडलेल्या कर्जासमोर 'क्लोज्ड' हवं.

शेजाऱ्याचं ट्रॅक्टरचं कर्ज 'क्लोज्ड' होतं. काकांनी तो शब्द माझ्याकडून तीनदा वाचून घेतला.

मोबाईलमधला डिफॉल्ट

आता दुसरा अर्थ. यात भीतीचं काही नाही असं मी काकांना त्या रात्री सांगितलं. ते अर्धंच खरं होतं.

साधी उदाहरणं आधी. विंडोज एक्सपीचं हिरव्या टेकडीचं आणि निळ्या आभाळाचं वॉलपेपर आठवतं? चार्ल्स ओ'रिअर या छायाचित्रकाराने १९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला तो फोटो. सरकारी कचेरीपासून सायबर कॅफेपर्यंत सगळीकडे तोच का होता? सगळ्यांना आवडला म्हणून नाही. कुणी बदलला नाही म्हणून. वर्डमध्ये २००७ पासून लोक कॅलिब्री फॉन्टमध्ये लिहायला लागले, तेही कॅलिब्रीचे चाहते वाढले म्हणून नव्हे. त्याआधी टाइम्स न्यू रोमन होता आणि २०२३ पासून ॲप्टॉस आला. आपल्याकडे अनेक वर्षं युनिकोड मराठीतलं पत्र म्हटलं की 'मंगल' फॉन्ट, कारण विंडोजने देवनागरीसाठी तोच दिला होता. मंगलचे जोडाक्षर मला कधीच आवडले नाहीत, पण माझ्याही जुन्या फायली उघडल्या की सगळ्या मंगलमध्येच आहेत.

फॉन्टपर्यंत ठीक आहे. पण हीच गोष्ट किती खोल जाते ते पाहा. २००३ मध्ये एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या संशोधकांचा अवयवदानावरचा एक लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. जर्मनीत दान करायचं असेल तर तसं कळवावं लागायचं. तिथे संमती होती सुमारे १२ टक्के लोकांची. शेजारच्या ऑस्ट्रियात उलट होतं: नको असेल तर कळवा, नाहीतर संमती धरली जाईल. तिथे प्रमाण ९९.९८ टक्के. भाषा एक, सीमा लागून. फॉर्मवर काहीच न करणाऱ्याचं काय धरायचं, एवढाच काय तो फरक. आपल्याकडे १९९४ चा कायदा आहे आणि संमती द्यावी लागते.

कंपन्यांना हे पक्कं ठाऊक आहे. आयफोनच्या सफारी ब्राउझरमध्ये डिफॉल्ट सर्च इंजिन गूगल असावं यासाठी गूगलने ॲपलला एकट्या २०२२ सालात २० अब्ज डॉलर दिले, हे अमेरिकेतल्या खटल्यात उघड झालं. रुपयांत दीड लाख कोटींच्या वर. सर्च इंजिन बदलायला आपल्याला अर्धा मिनिट लागतो. पण तो अर्धा मिनिट कुणी काढत नाही, आणि त्या न काढलेल्या अर्ध्या मिनिटाची ही किंमत आहे. भारतात स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गूगलला १३३७ कोटी ७६ लाखांचा दंड केला. त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की भारतातल्या नवीन अँड्रॉइड फोनवर सर्च इंजिन निवडायचा पर्याय मिळेल. तुम्ही नवीन फोन घेतला असेल तर ती स्क्रीन आली असेल. आठवतेय का, तिथे तुम्ही काय निवडलंत?

मी स्वतः काही शहाणा नाही. दोन वर्षांपूर्वी आई-बाबांची आणि माझी विमानाची तिकिटं काढताना एका वेबसाइटवर मी घाईत 'पुढे, पुढे' करत गेलो. पैसे कटल्यावर पाहिलं तर तिघांच्या प्रवास विम्याचे आणि कसल्याशा देणगीचे मिळून सहाशेच्या वर रुपये गेलेले. खूण आधीच करून ठेवलेली होती, मी फक्त ती काढली नव्हती. तक्रार केली तर उत्तर आलं की तुम्ही संमती दिली आहे. मी कधी दिली? न देऊन दिली! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा तेरा क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं आणली. तुमच्या संमतीशिवाय बिलात विमा किंवा देणगी सरकवणं त्यात येतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे, तक्रार करता येते.

दोन डिफॉल्ट आजच तपासा

बाकी सेटिंग्ज राहू द्या, पण हे दोन सोडू नका.

पहिलं म्हणजे डिफॉल्ट पासवर्ड. वायफायचा राउटर किंवा सीसीटीव्ही बसवणारा माणूस काम झालं की निघून जातो आणि आत कंपनीचाच पासवर्ड राहतो: ॲडमिन, ॲडमिन किंवा एक ते सहा आकडे. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या व्हायरसने नेमकं हेच हेरलं. त्याच्याकडे साठेक डिफॉल्ट नाव-पासवर्डांच्या जोड्या होत्या. तेवढ्या वापरून त्याने लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अशा उपकरणांच्या फौजेने डिन नावाच्या कंपनीवर हल्ला केला तेव्हा ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स अनेक ठिकाणी काही तास बंद पडल्या. ज्यांचे कॅमेरे त्या फौजेत होते त्यांना पत्ताही नव्हता. ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या उपकरणांना सरसकट एकच सोपा डिफॉल्ट पासवर्ड देण्यावर कायद्याने बंदी घातली. आपल्या दुकानातला, सोसायटीतला डीव्हीआर आपणच बघायचा.

दुसरं म्हणजे डिफॉल्ट मेसेज ॲप. २०१३ च्या अँड्रॉइड ४.४ पासून फोनमध्ये एकच ॲप 'डीफॉल्ट एसएमएस ॲप' असतं आणि सगळे मेसेज हाताळण्याचा अधिकार त्याच्याकडे असतो. ओटीपी कुठे येतो? मेसेजमध्येच. म्हणून व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलन किंवा बँकेची केवायसी अशा नावाने एपीके फाइल पाठवणारे भामटे त्यांचं ॲप टाकायला लावतात, आणि मग त्यातली काही ॲप विचारतात: 'हे तुमचं डीफॉल्ट एसएमएस ॲप करायचं का?' माणूस बिचारा 'होय' दाबतो, कारण एव्हाना त्याने दहा ठिकाणी 'होय' दाबलेलं असतं. सेटिंग्जमध्ये ॲप्स आणि त्यात 'डीफॉल्ट ॲप्स' उघडा. मेसेज आणि फोन यांच्यासमोर अनोळखी नाव दिसलं तर आधी इंटरनेट बंद करा, मग ते ॲप काढा आणि बँकेला कळवा. पैसे गेलेच असतील तर सायबर फसवणुकीसाठी १९३० या नंबरवर लगेच फोन करा.

आता मला सांगा, त्या रात्री फोन कपाटात ठेवणारे काका जास्त सावध की तिकीट काढताना 'पुढे, पुढे' करणारा मी?

वाक्यात अर्थ कसा ओळखायचा?

शेजारचे शब्द पाहा. डिफॉल्टनंतर एखादी वस्तू किंवा सोय आली की तो सेटिंगचा अर्थ: डिफॉल्ट सिम, डिफॉल्ट ब्राउझर, डिफॉल्ट भाषा. 'सेट ॲज डिफॉल्ट' म्हणजे 'इथून पुढे हेच वापर' असं फोनला सांगणं. यूपीआय ॲपमध्ये दोन बँक खाती जोडली असतील तर एक मुख्य किंवा डिफॉल्ट खातं असतं, पैसे त्यातच जमा होतात. हे कर्जाशी संबंधित नाही.

डिफॉल्टसोबत पेमेंट, लोन, ईएमआय, ड्यू असे शब्द असतील किंवा तो क्रियापद म्हणून आला असेल तर कर्जाचा अर्थ. 'ही डिफॉल्टेड ऑन द लोन' म्हणजे त्याने कर्ज थकवलं. 'इन केस ऑफ डिफॉल्ट' म्हणजे कसूर झाल्यास. कर्जाच्या करारात हे शब्द दिसले की त्याखालची ओळ दोनदा वाचा. 'डिफॉल्ट नोटीस'मध्ये मात्र फसू नका, पुढे नाम आलं असलं तरी ती थकबाकीचीच नोटीस. आणि देशही डिफॉल्ट करतात: एप्रिल २०२२ मध्ये श्रीलंकेने परकीय कर्जाची परतफेड थांबवली तेव्हा बातम्यांत हाच शब्द होता.

कोर्टातले प्रयोग थोडक्यात. दावा लावणारा तारखेला आलाच नाही म्हणून दावा काढून टाकला की वकील 'डिसमिस फॉर डिफॉल्ट' म्हणतात. 'डिफॉल्ट बेल'मध्ये मात्र कसूर आरोपीची नसते, तपास यंत्रणेची असते. ६० किंवा ९० दिवसांच्या ठरलेल्या मुदतीत आरोपपत्र दाखल झालं नाही तर आरोपीला जामीन मागण्याचा हक्क मिळतो. आता ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ मध्ये आहे. बातमीत हा शब्द वाचून 'डिफॉल्टरला बेल कशी मिळाली' असं विचारणारे मला भेटले आहेत.

टेनिसमध्ये दोन्ही भावंडं एकाच मैदानावर दिसतात. सर्व्हिस चुकली की 'फॉल्ट'. नियमभंगामुळे खेळाडूला सामन्यातूनच बाद केलं की 'डिफॉल्ट'. ६ सप्टेंबर २०२० ला अमेरिकन ओपनमध्ये जोकोविचने रागाने मागे मारलेला चेंडू लाइन पंच बाईंच्या गळ्याला लागला आणि तो डिफॉल्ट झाला, म्हणजे समोरचा करेनो बुस्टा आपोआप पुढे गेला. 'बाय डिफॉल्ट' जिंकणं म्हणतात ते हेच. आपल्या गल्ली क्रिकेटमधला वॉकओव्हर याच्याच जवळचा.

काकांच्या फोनचं सांगायचं राहिलं. रिपोर्ट दाखवल्यावर त्यांनी तो कपाटातून काढला आणि व्हिडिओ कॉलवर आम्ही एकेक डिफॉल्ट बघत गेलो. मेसेजसाठी जुनं सिम, इंटरनेटसाठी नवीन. ब्राउझर आहे तो राहू दे म्हणाले. रिंगटोन मात्र कंपनीची नको होती, तिथे त्यांनी सनई लावून घेतली. शेवटी स्क्रीनवर पुन्हा तो शब्द आला तेव्हा त्यांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "ह्यो आपला डिफॉल्ट हाय की त्या ट्रॅक्टरवाल्याचा?"

"आपला, काका."

"मग दाब."